पूर्व विभागातली चांदणी

भावजींनी पुण्याहून जुना गेम आणून दिला.
त्याची एक कळ चिकटते, एकदा दाबली की दोनदा लागते.
टीव्हीत एक जपानी गाव आहे, तिथं माझं घर आहे,
मुळे लावतो, मासे धरतो, कुणाशी भांडत नाही.

आज तिथं सण.
पुलावर कागदी कंदील, एकही विझलेला नाही.
किमोनोतल्या बायका, लाकडी चपलांचा टक् टक् आवाज,
आणि रस्त्यावर एक द्रोणसुद्धा पडलेला नाही.
दुकानदार कागदाच्या चाळणीनं सोनमासा धरायला लावतो,
चाळणी फाटते, तो हसतो, दुसरी देतो.
एवढ्या गर्दीत कुणाचं पोर हरवत नाही.
गड्ड्याच्या जत्रेत मी दोनदा हरवलोय.
भोंग्यावर पुकारलं, वेणुगोपाल बोल्ली, निळा सदरा.
सदरा हिरवा होता.

नायना दिवसपाळीहून आले,
केसांत सुताची भुकटी.
मोठ्यानं विचारतात, कारण त्यांच्या कानाला
सगळं जग चालू मागांमध्ये उभं आहे:
"ही रडतेय कोण?"

गेममधला म्हातारा सांगतो ते मी वाचून दाखवलं.
ती चांदणी. विणकरीण. आभाळाच्या राजाची लेक.
देवांची वस्त्रं विणायची.
गुराख्यावर जीव जडला, माग बंद पडला,
राजानं दोघांमध्ये आकाशगंगा सोडली.
आता वर्षातून एक रात्र भेट.

"माग बंद पडला म्हणून?" नायना म्हणाले,
"राजा कसला, कारखानदारच तो."
खुर्ची ओढून बसले. चहा निवला.
"पन्हा किती? साधा माग का रेपियर?"
मी चित्र मोठं केलं.
लाकडी माग, पायानं चालणारा, आजोबांच्यासारखा.
नायना पुढं वाकले, मग मागं झाले.
"धोट्यात कांडीच नाही.
रिकामंच विणतेय पोर."

पुढं बांबूला चिठ्ठ्या बांधायच्या, चिठ्ठीवर इच्छा.
गेम तीन देतो:
आरोग्य. भरपूर पीक. मैत्री.
नायना वाचत राहिले,
जणू पडद्याच्या खाली अजून एक ओळ असेल.

अम्मा कोपऱ्यात, मांडीवर सूप,
हजाराला चाळीस विड्या कमी.
मान वर न करता म्हणाली, "गाठ कशी मारतात?"
मी पाहिलं. दोराच नाही.
चिठ्ठी आपोआप लटकते.
अम्मा तोंडाला पदर लावून हसली, हसता हसता खोकली.
"आणि त्या रात्री पाऊस आला तर?"
नदी फुगते, म्हटलं. भेट हुकते.
"मग सोलापुरात या म्हणावं त्यांना.
इथं आषाढातसुद्धा आभाळ मोकळंच असतं."

जपानात खरंच असं असतं का, मला ठाऊक नाही.
तिथल्या एखाद्या पोराला विचारायला हवं,
ज्याची आई सोनमाशांच्या दुकानात
दिवसभर उभी राहून पाय सुजवते.
उद्या आमचा गड्डा कुणी गेममध्ये घातला
तर नंदीध्वज सरळ चालतील,
पेलणाऱ्याच्या मानेची शीर दिसणार नाही,
बाराबंदी संध्याकाळपर्यंत पांढरी राहील,
आणि दारूकामाचा धूर होम मैदानावरच थांबेल,
आमच्या घरकुलापर्यंत येणार नाही.
तरी मी खेळेन. खरं सांगतो.
हरवायची भीती नसलेली जत्रा एकदा बघायचीय.

रात्री नायना पत्र्यावर चढले. "दाखव."
कॅलेंडरात शोधलं होतं मी, आपल्याकडं तिचं नाव अभिजित,
चक्क पुरुषाचं.
एका चांदणीकडं बोट केलं, अंदाजानं.
ते बराच वेळ बघत होते.
शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते, खडखड खडखड,
एक थांबला, पुन्हा लागला.
"उजेड कमी आहे," नायना म्हणाले.
"असल्या उजेडात तुटलेला धागा दिसत नाही."

खाली अम्मा झोपली होती, बोटं तंबाखूनं तांबूस.
मी आवाज बंद करून 'आरोग्य' दाबलं.
कळ चिकटली.
बांबूवर दोन चिठ्ठ्या हलायला लागल्या.